मास्तरांच्या गोव्यात: जुनी नाणी, फेरीबोट आणि आषाढातला पाऊस

आषाढात गोव्याला ये, असं मास्तर दरवर्षी फोनवर सांगायचे. गर्दी नसते, फेरीबोटीत जागा मिळते आणि पावसामुळं बाजारातल्या माणसाला बोलायला वेळ असतो, हे त्यांचं कारण. मास्तर म्हणजे डिचोली तालुक्यातल्या एका गावचे मराठी प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक, आणि गोव्याच्या नाण्यांवर इतका जीव असलेला दुसरा माणूस मी बघितला नाही. कोल्हापुरात एका नाण्यांच्या प्रदर्शनात ओळख झाली. मी तेव्हा कॉलेजात होतो, शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी, सोडून काही बघतच नव्हतो. त्यांनी पोर्तुगीज अमलातलं एक झिजलेलं तांब्याचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, यावर काय दिसतं ते सांग. मला नीट सांगता येईना तर तिथंच खुर्ची ओढून जेवायची सुट्टी होईपर्यंत शिकवत बसले. मग पत्रं, फोन, पुढं व्हॉट्सॲपवर भिंगाखालचे फोटो, असं ते नातं वाढत गेलं.

यंदा चैत्रात मास्तर गेले. जुलैत बायकोला सुट्टी मिळाली तसं आम्ही ठरवलं की मास्तर ज्या जागा सांगायचे त्या बघत बघत जायचं आणि काकूंना भेटून यायचं. म्हणून या लिखाणात प्रवास थोडा आणि मास्तर जास्त येतील.

शुक्रवार: म्हापसा

पहाटे निघालो, आंबोलीत धुक्यामुळं गाडी अक्षरशः सरकवत आणली, सावंतवाडीला चहा, बांद्याहून पत्रादेवी आणि नऊच्या आसपास म्हापशात. शुक्रवारचा बाजार भरात होता. ताडपत्र्यांवर पाणी साचून मध्येच कुणीतरी काठीनं ते ढकललं की शेजारच्या बोळात धबधबा, आणि त्याखालून लोक निवांत चालतायत. मोयऱ्याची लांबलचक केळी, खोल्याच्या मिरच्या, सोलं, सुक्या बांगड्यांच्या राशी. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते त्यामुळं सुक्या मासळीवाल्या बायकांची चलती. पावसाळी भाज्या घेऊन बसलेल्या आज्यांकडं तायकिळा आणि फागलां होती. बायको तिथंच रमली, मी नाण्यांच्या मागं.

मास्तरांचा नाणीवाला शोधायला वेळ लागला नाही. पितळी कुलपं, जुने कंदील, तांब्याचे गडवे आणि कडेला पत्र्याच्या ट्रेमध्ये नाणी. मास्तरांचा नियम असा की आधी अख्खं दुकान हात मागं बांधून बघायचं. पहिल्या पाच मिनिटांत काही उचलायचं नाही. ते शाळेतल्या पोरांनाही असंच सांगायचे म्हणे, की पुस्तक आधी पूर्ण चाळा आणि मग वाचा. तसं उभं राहून बघितलं की ट्रेमधलं वेगळं नाणं आपोआप डोळ्यात भरतं, आणि ते भरलंय हे विकणाऱ्याला कळतही नाही.

मी तसाच उभा होतो तर त्या बाबांनी विचारलं, कुणाचा शिष्य? मास्तरांचं नाव घेतलं तर म्हणाले, "मास्तर आयलेना?" त्यांना बातमी नव्हती. मी सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत, समोरच्या गिऱ्हाइकाला कुलूप बांधून दिलं, सुटे परत केले, मग गादीखालून एक बिस्किटाचा डबा काढला. मास्तरांसाठी बाजूला काढून ठेवलेली नाणी. सगळी कडी लावलेली किंवा कडी काढलेली, म्हणजे कुणीतरी माळेत ओवून घातलेली. त्यात १८८१ चा रुपया होता. एका बाजूला राजा लुईशचा चेहरा, दुसऱ्या बाजूला इंडिया पोर्तुगेझा, उमा रुपिया अशी अक्षरं. वरच्या कडेला डाग लावल्याचा, म्हणजे कडी झाळून जोडल्याचा, खरबरीत फुगवटा आणि राजाच्या गळ्याखालचा भाग इतका गुळगुळीत की बोट फिरवलं तर तिथं काही कोरलेलं होतं यावर विश्वास बसू नये.

बाकीचे संग्राहक असली नाणी घेत नाहीत, डाग म्हणजे दोष, किंमत पडते. मास्तर हीच शोधून घ्यायचे. ते म्हणायचे, टांकसाळीतून निघून थेट पेटीत गेलेल्या नाण्याला काय विचारणार? हे बघ, हे कुणाच्या तरी गळ्यात कैक वर्षं होतं, घामानं झिजलंय. आणि मग विकणाऱ्याला त्यांचा ठरलेला प्रश्न, "हें खंयचें रे?" कुठल्या गावातून आलं, कुणाच्या घरातून, नुसतं की गाठोड्यातून. उत्तर मिळालं की जागेवरच चिठ्ठीवर लिहायचं. गाव कळलं नाही तर नाणं अर्धंच घेतलं असं त्यांना वाटायचं.

बाबांनी सांगितलं की हा रुपया पेडण्याकडच्या एका घरातून आला, सुनेनं माळ मोडली तेव्हा. मी वजन केलं. खिशातला छोटा काटा ही पण मास्तरांचीच शिकवण. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाइतकंच, कारण १८७८ च्या करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश चलनाच्या मापाला बांधलं गेलं आणि हे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. झिजलेलं म्हणून थोडं कमी भरलं, डागाचा भाग धरून जुळलं. भाव बाबांनी सांगितला तोच दिला. विकणाऱ्याच्या घरात चूल पेटली पाहिजे हेही मास्तरांचंच वाक्य, फार घासाघीस केली की ते रागवायचे.

नवीन लोकांसाठी इथंच सांगून टाकतो. म्हापशाला शुक्रवारीच जा आणि सकाळी लवकर जा. छोटा डिजिटल काटा, लोहचुंबक आणि दहापट भिंग जवळ ठेवा. चांदीचं नाणं चुंबकाला चिकटलं तर तिथंच परत द्या. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची रेघ दिसते आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे. शेतात नांगरताना सापडलं म्हणून कुणी गुपचूप ढीग दाखवला तर घेऊ नका, १८७८ चा निधी कायदा अजून आहे, सापडलेली ठेव सरकारला कळवावी लागते. मास्तर असल्या माणसाला शेजारी बसवून तलाठ्याकडं कसं जायचं ते समजावून सांगायचे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचारही करू नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे.

रात्री पणजीत मुक्काम. पाऊस असा की खिडकीतून समोरचं घर दिसेना. जेवण शीत, कढी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर. झोप छान लागली.

शनिवार: जुनं गोवें, दिवाडी, नार्वे

सकाळी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम. सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून जुना मठ आहे त्यात १९६४ पासून आहे. हे शुक्रवारी बंद असतं, म्हणून आम्ही शनिवार धरला. आत शिरल्यावर गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा, वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची तैलचित्रं रांगेनं, आणि खाली गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातले वीरगळ. लोक तैलचित्रांखाली फोटो काढून निघून जातात, वीरगळांपाशी कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा. एका दगडावर जहाजांतली लढाई कोरलीय, वल्ही मारणारे ओळीनं, वर स्वर्गात गेलेला वीर. गोव्याच्या राजांचं आरमार होतं हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

मग समोरचं से कॅथेड्रल. इथं यायचं कारण एक चाक. पोर्तुगीज गोव्याच्या तांब्याच्या आणि कथलाच्या बारक्या नाण्यांवर, बाझारुकांवर, आऱ्यांचं चाक असतं आणि गोव्याच्या राजचिन्हातही ते शेवटपर्यंत राहिलं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा धर्मचक्रच वाटलं होतं आणि मास्तर हसले नाहीत, म्हणाले से कॅथेड्रलच्या मोठ्या वेदीसमोर जाऊन उभा राहा मग बोलू. आल्बुकर्कनं गोवा कायमचं घेतलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनचा सण. त्या संतिणीला चाकावर घालून मारायची शिक्षा झाली होती अशी कथा आहे. हे चर्च तिचंच आहे, १५६२ ला बांधायला घेतलं, आणि सोनेरी वेदीवर तिच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेत. बायकोला तिथं उभं करून मी मोबाइलवरचा बाझारुकाचा फोटो दाखवला. ती नाण्यांच्या बाबतीत एरवी मला सोसत असते, पण यावेळी तिनंच मोबाइल हातात घेऊन झूम केलं.

मास्तरांचं सगळं शिकवणं या धाटणीचं. पुस्तकातला नंबर शोधून नाणं ओळखलं की काम झालं असं ते मानतच नव्हते. नाण्यावर जे आहे ते ज्या जागी आहे तिथं पायानं जायचं. त्यांच्याकडं कॅटलॉगं होती, चांगली जाडजूड, पण त्यांत कोपऱ्याकोपऱ्यांत बसचे नंबर लिहिलेले.

दुपारी व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर आणि फेरीबोटीनं दिवाडीला. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी लाल-तपकिरी झालेली, पाऊस आडवा, फेरीवर एक मासळीवाली, दोन स्कूटर, छत्रीत न मावणारं एक कुटुंब आणि आम्ही. फेरीवाल्यानं बायकोला इंजिनाच्या खोलीच्या आडोशाला उभं केलं. दिवाडीवर उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्यानं भरलेली शेतं आणि बगळे. पियेदादची टेकडी चढून चर्चसमोरून खाली बघितलं तर पाऊस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर सरकताना दिसत होता.

सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. कदंबांचं ते कुलदैवत, आणि त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आणि श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद असं नागरीत लिहिलेलं असतं. राजा स्वतःच्या नाण्यावर सांगतोय की मी या देवाच्या वरानं राजा आहे. आधी बहमनी फौजेनं देऊळ मोडलं, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्यानं परत उभं केलं, मग सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लोकांनी लिंग नदीपलीकडं नेलं. बेटावर कोटीतीर्थाचा तलाव अजून आहे, पावसानं काठोकाठ भरलेला, पायऱ्यांवर शेवाळ. चप्पल घट्ट घालून उतरा.

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी मिळते, अगदी थोड्या मिनिटांची. शेवटची फेरी किती वाजता आहे हे फेरीवाल्याला आधीच विचारून ठेवा, पावसाळ्यात वारं वाढलं की थांबवतात. आम्ही उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. झाडीतून खाली गेलं की नार्व्याचं सप्तकोटीश्वर, पुढं दीपस्तंभ, उतरती कौलं आणि वर घुमट. डागडुजी होऊन २०२३ मध्ये परत खुलं झालंय. दारावर शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः. म्हणजे १६६८ सालचा नोव्हेंबर. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं हे देऊळ उभं राहायला लागलं ते इथं, पोर्तुगीज राजधानीपासून फेरीनं दोन पाण्यांच्या अंतरावर.

मी शिवराई गोळा करणारा पोरगा होतो ना, मास्तरांनी मला गोव्याच्या नाण्यांत ओढलं ते याच दाराच्या फोटोनं. त्यांनी पोस्टकार्डवर लिहिलं होतं की तुझा राजा आणि माझा कदंब एकाच देवळात भेटतात, ये. मी ते दार पहिल्यांदाच बघत होतो. गाभाऱ्यातलं धारालिंग दिव्याच्या उजेडात नीट दिसलं. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं, कुठून आलात विचारलं, मास्तरांचं गाव सांगितल्यावर म्हणाले ते शाळेची पोरं घेऊन यायचे आणि प्रत्येकाला दारावरचा लेख बोटानं अक्षर अक्षर वाचायला लावायचे. देवनागरी येत असूनही पोरं संस्कृताला अडखळायची, मग सगळी मिळून मोठ्यानं वाचायची.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी. काकू ओसरीवरच उभ्या होत्या. "येयात, येयात," म्हणून बायकोच्या हातातली ओली छत्री स्वतः घेतली.

रविवार: काकूंच्या घरी

दिवसभर पाऊस आणि दिवसभर घरात. येताना वाटेत एका पोरानं सागाच्या पानात बांधून अळमी, म्हणजे अळंबी, विकायला आणली होती, रानातली, वारुळावरची. आषाढात थोडेच दिवस मिळतात. काकूंनी त्यांचं खोबऱ्याच्या वाटणातलं तोणाक केलं, सोबत उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव. असं जेवण मी कधी जेवलो नाही आणि बायकोनं मी मागितल्यावरही तिच्या वाटणीचं दिलं नाही.

जेवणानंतर काकूंनी मास्तरांच्या पेट्या काढल्या. मुलगा परदेशात, मुलगी मडगावला, दोघांनाही बाबांच्या छंदाचं कौतुक, पण कुठल्या पुडीत काय आहे हे कुणाला ठाऊक नाही, असं काकूंचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक पुडीवर सगळं लिहिलेलं निघालं. वळणदार, फळ्यावरच्या मास्तरांचं अक्षर. वजन, व्यास, कुणाकडून, किती रुपयांना, खंयचें. आणि खाली एक ओळ मोकळी, त्यात मनाला येईल ते. एका पुडीवर लिहिलं होतं, "हें दिताना आजी रडली, परत दिवंक गेलों, घेतलें ना." दुसरीवर नुसतं "पावसांत, आनंदान." काकूंनी ही दुसरी पुडी बराच वेळ हातात धरली, मग म्हणाल्या, हे त्या दिवशी घरी आले ते चिखलानं भरून, मी बोलले त्यांना.

बायकोचं अक्षर चांगलं, तिनं वही घेतली आणि आम्ही यादी करायला बसलो. १९०१ चे पाव टांगा, अर्धा टांगा (टांगा म्हणजे तिथला आणा). राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावरचा १९१२ चा रुपया. १९४७ चा रुपया, चांदी अर्धीच. १९५२ चा, त्यात चांदीच नाही. तीन रुपये शेजारी ठेवून काकूंना दाखवले तर त्या म्हणाल्या, एका सरकारचा हात कसा आखडत गेला ते दिसतं. मी हे मास्तरांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. विचारलं तर काकूंचंच निघालं.

कदंबांचं सोन्याचं नाणं पेटीत नव्हतं. ते मास्तरांना परवडणारं नव्हतंच. होता तो बटरपेपर, त्यावर मऊ पेन्सिलीनं घासून उतरवलेला सिंह आणि त्याच्याभोवतीची अक्षरं, कुणा ओळखीच्या माणसाकडं बघायला मिळालं तेव्हा परवानगी घेऊन केलेला. पेन्सिलीची शेड इतकी हलकी की सिंहाच्या आयाळीची प्रत्येक रेघ वेगळी उठलीय. जे घेता येत नाही त्याचा ठसा घ्या, मोजा, लिहून ठेवा, तेही संग्रहातच जमा, असं ते म्हणायचे. कोपऱ्यात त्या नाण्याच्या मालकाचे आभार लिहिलेत.

गोव्याच्या हवेत धातू सांभाळणं कठीण. मास्तरांची पद्धत सांगतो, किनारपट्टीवरच्या सगळ्यांना उपयोगी पडेल. मऊ पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं, ज्यांना नवीन असताना उग्र वास येतो, ती अजिबात नाही. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ सुटतो आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. पेटीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे मणी ओल शोषून गुलाबी झाले की काढून एका वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. तो तवा स्वयंपाकाला चुकूनही वापरायचा नाही. काकूंकडं तो खिळ्याला वेगळा टांगलेलाच होता. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरली तर ते बाकीच्यांपासून लगेच बाजूला करायचं, नाहीतर सगळ्यांना लागतं.

आणि घासायचं नाही. कधीच नाही. काकूंनी एक गोष्ट सांगितली. गावातला एक पोरगा आजीच्या ट्रंकेतलं नाणं चिंच आणि मीठ लावून लखलखीत करून मास्तरांकडं घेऊन आला होता, मोठ्या अभिमानानं. तांब्यावर शंभर वर्षांत जमलेली तपकिरी झाक पार गेलेली, चेहऱ्यावर बारीक ओरखडे. मास्तरांनी त्याला रागवलं नाही. त्याला शेजारी बसवून दोन नाणी भिंगाखाली दाखवली, त्याचं आणि एक न घासलेलं, आणि कुठल्यात अक्षरं जास्त दिसतात ते त्यालाच सांगायला लावलं. तो पोरगा आता डिचोलीत कामाला आहे, रविवारी काकूंना बाजार आणून देतो. आम्ही बसलो होतो तेव्हा पण आला, चपला बाहेर काढून सरळ आत आला आणि पेट्या उघड्या बघून हात पुसून बसला. नाणं कडेनं धरलं. मला कुणी सांगायला नको होतं की याला कुणी शिकवलंय.

संग्राहकांना कळकळीनं सांगतो. घरच्यांसाठी एक साधी वही ठेवा. त्यांना कॅटलॉगचा नंबर नको, हे काय आहे, कुठून आलं आणि विकायचं झालं तर कुणाला विचारायचं एवढं हवं. मास्तरांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन माणसांचे फोन नंबर होते आणि पुढं लिहिलं होतं की यांनी सांगितल्याशिवाय कुणाला देऊ नये.

सोमवार: पणजी आणि परत

काकूंचा निरोप घ्यायला वेळ लागला. बायकोला त्यांनी सोलं, कुळीथ आणि कुठल्यातरी पानांची एक पुडी दिली.

पणजीत कॅफे भोसलेला पातळभाजी, पाव आणि मिरची भजी. मग मुख्य पोस्टाजवळ सां तोमे वाड्यात. एकोणिसाव्या शतकात काही काळ गोव्याची टांकसाळ इथं होती, ती इमारत अजून उभी आहे. बाहेरूनच बघा, आतमध्ये लोकांचं चालू आयुष्य आहे. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीवर, पाऊस बघत बसले होते. आम्ही इमारतीकडं बोट दाखवत बोलतोय हे बघून त्यांनीच हाक मारली.

त्यांना मी खिशातली १९५८ आणि १९५९ ची नाणी दाखवली. १०, ३० आणि ६० सेंताव्ह, १, ३ आणि ६ इश्कुद. शंभर सेंताव्हांचा एक इश्कुद. लोकांना हे आकडे विचित्र वाटतात. मास्तर शाळेत यावर गणित घालायचे. पोर्तुगालनं गोव्यात रुपया काढून इश्कुद आणला तेव्हा सहा इश्कुदांचा एक रुपया धरला. म्हणजे ३ इश्कुद हे आठ आणे आणि ६० सेंताव्ह म्हणजे रुपयाचा दहावा भाग, तिकडं भारतात १९५७ पासून चालू झालेल्या दहा नव्या पैशांइतका. नाणी नवी पण बाजारातला हिशोब जुन्या रुपयाचाच. नोटाही तशाच, ३०, ६०, ३००, ६०० च्या. लिस्बननं नाव बदललं तरी म्हापशातल्या बाईनं मिरच्या रुपयाच्याच भावानं विकल्या, असं मास्तर म्हणायचे, आणि ही नाणी त्यांच्या मते गोव्याच्या बाजारानं सरकारकडून पाडून घेतली.

म्हाताऱ्यांनी दहा सेंताव्हचं नाणं उचललं. कांस्याचं, छोटंसं. म्हणाले याचे चणे यायचे, शाळा सुटल्यावर. डिसेंबर १९६१ ला ते प्राथमिक शाळेत होते. मग घरातली दुसरी गोष्ट सांगितली, आईनं बांगड्या पोर्तुगीज बँकेत तारण ठेवल्या होत्या, मुक्तीच्या आधी बँकेनं सगळं तारणाचं सोनं लिस्बनला नेलं. ते परत आलं १९९१ साली. आई तोवर नव्हती. मी लगेच विचारलं, आईंचं माहेर कुठलं? गावाचं नाव सांगितलं त्यांनी, मी चिठ्ठीवर लिहून घेतलं, तारीख टाकली. ते दहा सेंताव्हचं नाणं त्यांना दिलं. माझ्याकडं ते आणखी आहे, आणि मास्तर असताना असली जादा नाणी नेहमी कुणाच्या ना कुणाच्या हातात ठेवायचे.

परतीला चोर्ल्याचा घाट धरला. पावसात हा घाट बघण्यासारखा आहे, पण कडेला पाणी वाहतं आणि दरड येते, दिवसाउजेडी पार करा. बेळगावात शिरेपर्यंत काच पुसतच होतो.

काकूंशी बोलणं होऊन असं ठरलंय की १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, मास्तरांच्या शाळेत त्यांची नाणी मांडायची. डिचोलीचा तो पोरगा आणि मी दिवाळीत बसून पाट्या लिहिणार आहोत, प्रत्येक नाण्याशेजारी त्याचं गाव आणि मास्तरांची खालची मोकळी ओळ जशीच्या तशी. १९३४ च्या संचात चार टांगांची जागा रिकामी आहे, दोन टांगा आहे. कुणाकडं चार टांगा असेल तर त्या दिवसापुरता मांडायला द्या. घासलेला नको, डाग असला तरी चालेल, आणि तो कुठल्या घरातून आला तेवढं मात्र लिहून आणा.